हेल्मेट घातलंय, पण बेल्ट?

सकाळी सव्वानऊला मारुती मंदिर सर्कलला दोन मिनिटं उभं राहून बघा. कुणी मिरजोळे एमआयडीसी गाठतंय, कुणी बँक, कुणी कोर्ट. डोक्यावर हेल्मेट असलेल्यांच्या जरा हनुवटीखाली नजर टाका. कुणाचा बेल्ट वाऱ्यावर फडफडतोय, कुणाचा नुसताच अडकवलाय आणि आतून अख्खी मूठ जाईल एवढा ढिला आहे. "इथेच तर जायचंय, साळवी स्टॉपपर्यंत!" हे ठरलेलं उत्तर.

गंमत म्हणजे, कायद्याच्या दृष्टीने ही मंडळी हेल्मेट न घातलेलीच आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची व्याख्याच अशी आहे, की ते पट्ट्याने किंवा तशाच बंधनाने डोक्याला पक्कं बांधलेलं हवं. कायद्याचं सोडा. पडताना डोकं जमिनीवर एकदाच आपटतं असं नाही. पहिल्याच दणक्याला हेल्मेट उडालं, तर दुसऱ्या वेळी आपटतं ते नुसतं डोकं. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातात गेले, असा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते.

आपण हेल्मेट घेताना रंग बघतो, ग्राफिक्स बघतो, काच काळी की साधी यावर वाद घालतो. बेल्टचं लॉक कुठल्या प्रकारचं आहे, हे कितीजण विचारतात? म्हणून म्हटलं, या वेळी जरा हनुवटीखालचा फंडा समजून घेऊ.

तीन लॉक, तीन स्वभाव

पहिलं, क्लिकवालं. शाळेच्या दप्तराला असतं तसं. टोक आत ढकला, 'टक्' आवाज, काम फत्ते. स्वस्त हेल्मेटला बहुतेक हेच येतं. सोय एक नंबर, पण एक मेख आहे. बेल्टची लांबी एका सरकपट्टीवर ठरते आणि ती आपण एकदा लावली की विसरून जातो. पट्टी हळूहळू सरकते. 'टक्' मात्र रोज तसंच वाजतं आणि आपल्याला वाटतं, सगळं ओके!

दुसरं, दात्यांचं. याला मायक्रोमेट्रिक म्हणतात. दातेरी जीभ बकलमध्ये सरकवायची, करकर आवाज करत ती एकेक दाता पुढे जाते. लाल पट्टी उचलली की सुटते. इथे रोज एखादा दाता पुढे-मागे करता येतो. पण तेवढंच. मूळ लांबी इथेही आधी नीट लावावी लागते. एकाच दात्यावर लटकलेला बेल्ट म्हणजे अर्धवट लागलेली कडी.

तिसरं, डबल डी-रिंग. धातूच्या दोन कड्या. पट्टा दोन्ही कड्यांतून काढायचा, मग बाहेरच्या कडीवरून मागे वळवून आतल्या कडीतून घ्यायचा आणि ओढायचा. ओढ जितकी जास्त, तितका पट्टा कड्यांमध्ये जास्त आवळतो. यात तुटायला स्प्रिंग नाही, झिजायला दाते नाहीत. मोटोजीपीच्या ट्रॅकवर रेसर हेच वापरतात. एक मात्र लक्षात ठेवा: पट्ट्याच्या टोकाला असतं ते टिचबटण म्हणजे लॉक नव्हे. ते फक्त उरलेलं टोक फडफडू नये म्हणून. नुसतं बटण लावून निघालात, तर बेल्ट लावलेलाच नाही!

मग डी-रिंग पास आणि बाकीचे नापास? तसं नाही. युरोपच्या ईसीई चाचणीत प्रत्येक प्रकारच्या बेल्टला एकच परीक्षा असते: १० किलोचं वजन ७५ सेंटिमीटरवरून पाडून झटका द्यायचा आणि बेल्ट किती ताणला जातो ते मोजायचं. चांगल्या हेल्मेटवर तिन्ही प्रकार पास होतात. फरक पडतो तो आपल्या वापरात.

रत्नागिरीचा पेपर वेगळा

आणि इथेच आपला पाऊस मध्ये येतो. जून उजाडला की आपण रेनकोटची टोपी डोक्यावर घेऊन वर हेल्मेट चढवतो. बेल्ट आवळतो, म्हणून सरकपट्टी ढिली करतो. ऑक्टोबरमध्ये टोपी जाते, ढिलाई तशीच राहते! मुलींचंही तेच. उन्हासाठी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून बेल्ट लावला की एक माप, संध्याकाळी स्कार्फ काढला की दुसरं. माझी ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, "अगं, क्लिकवालंच बरं, पटकन लागतं." पटकन लागतं गं, पण कोणत्या मापाला?

त्यात घरात एकच जादा हेल्मेट. आज मागे आई, उद्या भाऊ, परवा सहकारी. अशा हेल्मेटला मी डी-रिंगच सुचवेन, कारण ती दर वेळी नव्याने ओढून लावावीच लागते. माप आपोआप त्या त्या डोक्याचं होतं. हातखंब्यावरून हायवे धरून कोल्हापूर किंवा गोव्याला जाणाऱ्यांनाही तेच. पण दिवसात दहा ठिकाणी उतरणाऱ्या सेल्सवाल्याला डी-रिंगचा कंटाळा येणार आणि अकराव्या वेळी तो बेल्ट तसाच सोडणार. त्याने दात्यांचं घ्यावं आणि सकाळी एकदा माप बघावं. क्लिकवालं आधीच असेल तर फेकू नका. फक्त पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सरकपट्टी आठवणीने तपासा.

दुकानात असताना

• आयएसआय मार्क बघा. १ जून २०२१ पासून तो सक्तीचा आहे.
• बेल्ट लावून हनुवटीखाली दोन बोटं घाला. त्याहून जास्त जागा नको.
• मागची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ढकला. निघालं, तर माप किंवा बेल्ट चुकलाय.
• लॉक दहा वेळा लावा, सोडा. रेनकोटची टोपी घालूनसुद्धा!

आणि हो, आरे-वारेला भटकून आलात की बकल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. वाळू दात्यांत बसते, खारी हवा स्प्रिंगला गंज चढवते. महिन्यातून पाच मिनिटांचं काम. बाइक धुताना तेवढं होऊन जाईल.