घोगरा हॉर्न, फुटका सायलेन्सर

जुन्या अँबॅसडर गाडीच्या (उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत बनत होती) दोन तक्रारी नेहमीच्या: हॉर्न घोगरा झालाय आणि सायलेन्सर फटफटतोय. दोन्हींच्या मुळाशी बरेचदा गंजच सापडतो.

आधी हॉर्न पाहू. बॅटरीचे एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. परतीची तार म्हणजे हा पत्राच. आपण हॉर्नचा रोध ढोबळमानाने ३ ओहम धरू. मग १२ व्होल्टला ४ अँपिअर धारा वाहील. सांध्यावर गंज चढून १ ओहम रोध वाढला, की धारा ३ अँपिअरवर येते आणि हॉर्नच्या वाट्याला ९ व्होल्टच उरतात. आतला पडदा मग नीट थरथरणार कसा? अशा वेळी बॅटरीपासून दोन वेगळ्या तारा थेट हॉर्नला लावून पाहाव्यात. आवाज खणखणीत आला तर हॉर्न ठीक, दोष वाटेत. नवा हॉर्न विकत आणण्याआधी एवढे तरी करावेच.

सायलेन्सर गंजायला पाणी कुठून येते? पेट्रोलमधूनच! १ लिटर पेट्रोल जळले की सुमारे १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. (वर्गात ऑक्टेनच्या ज्वलनाचे समीकरण मांडून हे पडताळता येईल.) जवळच्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही, वाफेचे आतच पाणी होते आणि पत्रा खात राहते. गळतीच्या जागी काजळीचा काळा डाग दिसतो. फटफट एक वेळ सोसता येईल, पण त्याच भोकातून कार्बन मोनॉक्साइडही निसटतो. त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. इंजिन चालू ठेवून गळती शोधायची ती उघड्यावरच, बंद गॅरेजमध्ये नाही.