दारू सोडायची, तर सभेची पाळी चुकवू नका



वर्षभर राबून उसाचे बिल हाती येते, आणि काही घरी ते पोचतच नाही. वाटेत गुत्ता लागतो. नुसत्या शपथांनी भागत नाही, हे आपण पाहतोच. दारूचे व्यसन हा आजार आहे.

१९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल व एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा सुरू झाल्या. फी नाही. अट एकच, सोडायची इच्छा पाहिजे. पहिले नाव सांगितले तरी पुरे. बोलवत नसेल तर ऐकत बसा. तिथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, असा रिवाज आहे.

गावात लाज वाटते? नागपूरला अशा सभा भरतात. तुमसर-भंडाऱ्याहून गाडी धरा. पत्ता व्यसनमुक्ती केंद्रात विचारावा. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी फोन मोफत आहे. मात्र रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवावे.

एका पाण्यावर ऊस येत नाही, पाळी धरावी लागते. सभेचेही तसेच आहे.