पाच-सात वर्षं उभी असलेली स्प्लेंडर घरच्या घरी पुन्हा चालू कशी करायची?

गावी गेलात की गोठ्याच्या कडेला किंवा जिन्याखाली ताडपत्री टाकलेली एक गाडी हमखास दिसते. वडिलांची, काकांची, आजोबांची. "चालू स्थितीत ठेवली होती रे, मग कुणी हातच लावला नाही," एवढाच तिचा इतिहास. आज आपण ती चालू करायचं बघू. उदाहरणाला हीरो होंडा स्प्लेंडर घेतो. एक तर महाराष्ट्रात सगळ्यात जास्त उभ्या सापडतात त्या ह्याच गाड्या. दुसरं म्हणजे १९९४ मध्ये आलेल्या या गाडीचं ९७.२ सीसीचं इंजिन मुळात इतकी वर्षं फारसं बदललेलं नाही. हीरो आणि होंडा वेगळे झाले, कंपनी हीरो मोटोकॉर्प झाली, तरी पार्ट तालुक्याच्या दुकानात अजून मिळतात. नवशिक्याने याच गाडीवर हात बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे. कुणी जुन्या टू-स्ट्रोकचा नाहीतर बुलेटचा मोह घातला तर पुढच्या वर्षी बघू म्हणा.

आधी मोबाईल काढा, पाना नंतर

पैसे घालण्याआधी गाडीचे कागद तपासा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशन कधीपर्यंत वैध आहे, इन्शुरन्स आणि पीयूसी कधी संपलं, सगळं दिसतं. खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवायची. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं, आणि २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढलं. उशीर झाला असेल तर दंड वेगळा. शिवाय १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागेल.

एक अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर ती आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. घरात हा विषय काढणं कधी कधी इंजिन उघडण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून आधीच काढा. आरसी हरवलेली, इंजिन नंबर जुळत नाही, नाव तिसऱ्याच माणसाचं, असं काही निघालं तर गाडी चालू करून फक्त अंगणात फिरवता येईल. रस्त्यावर नाही.

किक मारू नका

गाडी बाहेर काढली की पहिला मोह किक मारायचा होतो. थांबा. इतकी वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खाली उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगांना गंज धरलेला असू शकतो. जोरात किक मारली तर रिंग त्या गंजावर घासते आणि भिंतीवर ओरखडे पडतात. नुसत्या सफाईत भागणारं काम मग बोअर-पिस्टनपर्यंत जातं.

गाडी डबल स्टँडवर घ्या. प्लगच्या आजूबाजूची माती आधी फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाईल. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा. चाकाबरोबर इंजिन फिरलं की अर्धी काळजी मिटली. नाही फिरलं तर आणखी ऑईल, आणखी एक-दोन दिवस. चाकावर उभं राहून जोर लावू नका.

ते ऑईल भिनेपर्यंत गाडीची तपासणी करा. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदराचं घरटं सापडलं तर नवल नाही, आणि उंदीर होता म्हणजे वायरी कुरतडलेल्या असणार हे धरूनच चाला. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, टॉर्च मारून बघा. फिल्टर फोमचा असेल तर हातात घेताच भुगा होतो. तो भुगा कार्बोरेटरमध्ये जाऊ देऊ नका, फिल्टर सरळ नवा घ्या. इंजिन ऑईल काळं दिसो वा स्वच्छ, बदलायचंच. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बाईकचं ऑईल घ्या. कारचं नको, कारण बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑईलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरतो. ऑईल मोजताना डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून घट्ट करायची नाही.

पान्यांबद्दल थोडं

८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने, एक प्लग पाना, पक्कड आणि चांगला स्क्रू ड्रायव्हर, एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र ऐका. या गाडीचे चौफुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे आहेत. आपल्याकडचा साधा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचं डोकं खातो. कार्बोरेटरचे स्क्रू अशानेच गोल झालेले असतात. जेआयएस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो, तो घ्याच. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

आणि प्रत्येक गोष्ट उघडण्याआधी फोटो. आपण कोड बदलण्याआधी कमिट करतो ना, तसंच हे. स्क्रू बाटलीच्या झाकणांत वेगवेगळे ठेवा. कुठली वायर कुठल्या बाजूने जात होती हे आठ दिवसांनी आठवत नाही, फोटोत दिसतं.

गाडी का चालू होत नाही: दोन भागांत विभागून शोधा

पेट्रोल इंजिनला तीनच गोष्टी लागतात: दाब, ठिणगी, आणि हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल. तिन्ही वेळेवर मिळाल्या तर ते चालू होणारच. म्हणून अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही, एकेक गोष्ट तपासून यादीतून काढायची. बग शोधतानाही आपण हेच करतो. एका वेळी एकच बदल.

दाबाची तपासणी सोपी आहे. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला हळू किक मारायला सांगा. अंगठा ढकलला गेला तर दाब आहे.

ठिणगीसाठी प्लग त्याच्या कॅपमध्ये लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, इग्निशन चालू करून किक मारा. निळसर ठिणगी टिक-टिक दिसली पाहिजे. हे करताना जवळपास पेट्रोल उघडं नको, आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा. बॅटरी मेली आहे म्हणून घाबरू नका. जुन्या किकच्या स्प्लेंडरमध्ये ठिणगीची वीज किकने फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून येते, त्यामुळे बॅटरीशिवाय इंजिन चालू होऊ शकतं. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र नाही चालणार. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग प्लग कॅप, मग किल-स्विच किंवा चावीच्या स्विचकडे जाणारी वायर. सीडीआय युनिट सगळ्यात शेवटी.

दाब आहे, ठिणगी आहे, तरी चालू नाही? मग एक जुनी युक्ती. प्लग काढून पेट्रोलचे चार-पाच थेंब सिलिंडरमध्ये टाका, प्लग पूर्ण बसवा, सांडलेलं पुसा आणि किक मारा. इंजिन दोन-तीन सेकंद भडभडून बंद पडलं तर आनंद माना. इंजिन ठीक आहे, पेट्रोल पोचत नाहीये. माझ्या मामांच्या सहा वर्षं उभ्या गाडीचं असंच झालं. मामा भंगारवाल्याला फोन लावायच्या तयारीत होते, आणि मामेभावाला रोज चौदा किलोमीटर कॉलेजला जायला काहीतरी हवं होतं. तो तीन सेकंदांचा आवाज ऐकून मामा म्हणाले, "आता दोन दिवस थांबतो. तिसऱ्या दिवशी मात्र जागा मोकळी करून द्यायची."

खरा गुन्हेगार: शिळं पेट्रोल

पेट्रोल म्हणजे एकच द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके, पटकन पेटणारे घटक काही महिन्यांत उडून जातात. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं आणि त्याचा पिवळट चिकट थर बनतो. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. २०२२ मध्ये प्रमाण १० टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून ई२० यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली वेगळं बसतं, म्हणजे नेमकं टाकीच्या तळाला आणि कार्बोरेटरच्या वाटीत. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलही इथेनॉल लक्षात ठेवून बनवलेले नव्हते. त्या सगळ्या बदलूनच टाका.

कार्बोरेटरमध्ये सगळ्यात बारीक भोक असतं ते पायलट जेटचं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. तो चिकट थर पहिल्यांदा तेच बुजवतो. म्हणून "चोक दिला की चालते, सोडला की बंद" हे लक्षण दिसतं.

कार्बोरेटर काढा, खालची वाटी उघडा, फ्लोट अलगद बाजूला घ्या. हवेचा छोटा स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो हे मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढेच फेरे सोडायचे. दोन्ही जेट काढून कार्बोरेटर क्लीनर मारा. जेट उजेडाकडे धरलं की पलीकडे गोल ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे. पिन किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडलं. ब्रशचा नायलॉनचा एक केस चालतो. स्प्रे मारताना डोळ्यांवर चष्मा हवा, तो उलटा अंगावर उडतो.

टाकीत गंज असेल तर आधी तिच्यातलं पेट्रोल संपूर्ण काढा आणि पेट्रोल कॉक वेगळा करा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. इथे "लगेच" म्हणजे खरंच लगेच, कारण ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. वाळल्यावर थोडं पेट्रोल-ऑईल आत फिरवून घ्या. कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये एक छोटा इनलाइन फिल्टर लावा.

चालू होण्याआधी थांबता आलं पाहिजे

इंजिनाचा आवाज आला की सगळे लगेच गावात चक्कर मारायला निघतात. पण ९७ सीसीची गाडीसुद्धा सहज साठच्या वेगाने पळते, आणि तिचे ब्रेक अजून सात वर्षांपूर्वीच्या अवस्थेत आहेत. माझ्या मते हा भाग इंजिनाच्या आधी करायला हवा. उत्साह टिकावा म्हणून मी तो नंतर लिहिला, एवढंच.

दोन्ही चाकं काढून ड्रम उघडा. ब्रेक लायनर झिजलेले, तेलकट किंवा चमकदार टणक झाले असतील तर बदला. आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक आणि क्लचच्या केबलमध्ये तेल सोडा. तार फुटून केस निघालेले दिसले तर नवी केबल टाका. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. '१४१२' म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांच्या पुढचा टायर टाकाऊ समजा, रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर धरत नाही. ट्यूबही त्याचबरोबर बदला. चेन केसमध्ये असल्यामुळे दिसत नाही, झाकण काढून बघा. कड्या अडकत असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला, नुसती चेन नको.

पहिल्यांदा चालू करताना गाडी उघड्यावर हवी, बंद शेडमध्ये नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. सुरुवातीला पांढरा धूर येईल, तो सिलिंडरमध्ये टाकलेल्या ऑईलचा. काही मिनिटांत जायला हवा. तासाभराने पण तेवढाच धूर असेल तर रिंग किंवा वॉल्व्ह सील गेलेत, आणि ते काम गॅरेजवाल्या काकांचं.

उभ्या गाडीचा क्लच चिकटलेला असतो. म्हणून इंजिन बंद ठेवून गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी पुढे ढकलून बघा. चाक मोकळं फिरत नसेल तर क्लच दाबून धरूनच मागेपुढे झटके द्या, बहुतेक वेळा सुटतो.

पहिली फेरी हेल्मेट घालून, मोकळ्या मैदानात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. दहा वेळा ब्रेक लावून बघा. घरी येऊन चाकांचे, हँडलचे आणि इंजिनाचे नट पुन्हा आवळा, कुठे तेल गळतंय का बघा. साधारण दोनशे किलोमीटरला ऑईल पुन्हा बदला, आतली घाण त्याबरोबर निघते. मामेभावाची गाडी सध्या याच टप्प्यावर आहे. इन्शुरन्स काढून झालाय, नूतनीकरणाची आरटीओची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे, आणि तोवर तो एसटीनेच जातोय.