हाडं : आपल्या शरीराचं आर.सी.सी.

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मध्ये आपण बीम शिकतो, कॉलम शिकतो. पण आपण स्वतः ज्या फ्रेमवर उभे आहोत, तिच्याकडे कधी बघतो का? मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. दवाखान्यातल्या मावशी, वॉर्डबॉय, नर्सिंग असिस्टंट यांना या हाडांची काळजी घ्यायला शिकवतात. ते थोडंफार आपल्यालाही यायला हवं. कारण हाड मोडतं तेव्हा डॉक्टर जवळ नसतात, आपणच असतो!

हाडाची रचना अगदी आर.सी.सी.सारखी. कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार म्हणजे काँक्रीट, ते दाब सोसतात. कोलॅजनचे धागे म्हणजे सळ्या, ते ताण सोसतात. एम-२० काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद २० मेगापास्कल, तर हाडाच्या कठीण थराची लांबीच्या दिशेने दीडशेच्या वर! शिवाय लांब हाड पाइपसारखं पोकळ, म्हणजे वजन कमी आणि मजबुती जास्त.

१८६६ च्या सुमारास झ्युरिकमध्ये कार्ल कुलमान या इंजिनिअर प्राध्यापकांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. आतल्या जाळीच्या रेषा त्यांना क्रेनमधल्या स्ट्रेसच्या रेषांसारख्या दिसल्या. पुढे १८९२ मध्ये ज्युलियस वोल्फ यांनी नियम मांडला : जसा भार, तशी हाडाची बांधणी. म्हणजे काँक्रीट मेलेलं, हाड मात्र जिवंत. भार मिळाला तर ते वाढतं, नाही मिळाला तर झिजतं.

उचलायची घाई नको

आपल्याकडे पावसाळ्यात माहुलीच्या ट्रेकला पाय घसरणं, हायवेवर बाईक स्लिप होणं काही नवीन नाही. लगेच चार जण धावतात आणि एक हात, एक पाय धरून पोराला उचलतात. इथंच घात होतो. मोडलेल्या हाडाचं टोक आतली रक्तवाहिनी किंवा नस कापू शकतं. मान-पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर त्याला जागेवरून हलवूच नका (गाडीखाली येण्यासारखा धोका असेल तरच हलवा). डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. हात-पाय मोडला असेल तर आहे त्याच स्थितीत काठी किंवा जाड पुठ्ठा लावून बांधा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत. ओढून सरळ करणं, तेल चोळणं एकदम बंद! कचकचून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा थांबून हात गमावायची वेळ येऊ शकते.

'पोलिसांचं लफडं नको' म्हणून मागे सरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ प्रमाणे रस्त्यावरच्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

प्लास्टर आणि बिछाना

रूममेटला प्लास्टर घातलं असेल तर पाय किंवा हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवायला सांगा. बोटं निळी पडली, बधिर झाली, ठणका असह्य झाला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि खाज सुटली म्हणून आत स्टीलची पट्टी घालणं बंद करा राव!

घरी आजीचं खुब्याचं हाड मोडलं तर खरी परीक्षा असते. पेशंट पडून राहिला की पाठीला बेडसोर होतात, म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मोडलेल्या पायाला धक्का न लागता कूस कशी वळवायची, ते नर्सकडून शिकून घ्या. वळवताना दोघं जण लागतात. स्वतःचे गुडघे वाकवायचे, कंबर नाही; नाहीतर तुमचाच मणका जाईल. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्यांना हळूहळू उभं करायचं. वोल्फचा नियम आठवा!

आपली हाडं

साधारण तिशीपर्यंत हाडांची बचत होते, नंतर खर्च सुरू. म्हणजे आपली हॉस्टेलची वर्षं डिपॉझिट भरायची! आय.सी.एम.आर.च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची नाचणी यात एक नंबर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. तेव्हा मेसच्या मॅगीऐवजी कधी नाचणीची भाकरी मागा, थोडा वेळ उन्हात खेळा, गाडीवर हेल्मेट घाला.

बिल्डिंगचा कॉलम खचला तर जॅकेटिंग करता येतं. आपल्या फ्रेमचं मेन्टेनन्स मात्र रोजच्या रोजच करावं लागतं. बघा पटतंय का!