मान 'कडक' वाजली म्हणजे अर्धशिशी गेली का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप.

विषय घरातूनच आला. माझ्या आईला पंधरा वर्षं अर्धशिशी आहे. नेसरीच्या घरी महिन्यातून तीन-चार वेळा मधल्या खोलीची खिडकी बंद, आईच्या डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं आणि आम्ही सगळे पाय न वाजवता चालणार. मागं तिनं मला एक रील पाठवली. एक माणूस पेशंटची मान धरतो, झटका देतो, 'कडक' आवाज येतो, पेशंट हसतो. खाली आईचा व्हॉइस मेसेज: "बाळा, पुण्यात असला कोण हाय का बघ की. मी येतो लगेच."

मी नंबर शोधायच्या आधी जरा वाचायला बसलो.

या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. 1895 मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी तो सुरू केला. गंमत म्हणजे पहिला गाजलेला किस्सा डोकेदुखीचा नाहीच. पाठीचा मणका बसवल्यावर एका माणसाला ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा होता.

मग मानेचा आणि अर्धशिशीचा काही संबंध आहे का? आहे. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस, या सगळ्यांचे निरोप मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळं डोक्यातलं दुखणं मानेत जाणवतं आणि मानेतलं डोक्यात. शिवाय अनेकांची मान डोकं दुखायच्या आधीच आखडते. आपल्याला वाटतं, मान आखडली म्हणून डोकं उठलं. पण बऱ्याचदा अर्धशिशीचा झटका तिथूनच सुरू झालेला असतो. म्हणजे मान हे कारण नसून लक्षण असू शकतं.

आणि तो 'कडक' आवाज? मणका जागेवर बसल्याचा तो नव्हे. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच.

आता मुद्द्याचं: फरक पडतो का? नॉर्वेत 104 अर्धशिशीच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, 2017 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीन गट केले. एकाला खरा कायरोप्रॅक्टिक उपचार, दुसऱ्याला तसाच वाटणारा पण खोटा उपचार आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची औषधं. उपचार चालू असताना तिन्ही गटांत डोकेदुखीचे दिवस कमी झाले. पुढे तिसरा गट मूळपदावर आला. पहिल्या दोघांचा फायदा टिकला, पण खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक दिसला नाही. म्हणजे बरं वाटलं हे खरं, पण ते झटक्यामुळं वाटलं असं म्हणता येत नाही. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, रीस्टार्ट केल्यावर चाललं म्हणून बग गेला असं होत नाही. अर्धशिशी तर 4 ते 72 तासांत आपली आपण उतरतेच.

"पण करून बघायला काय जातंय?" सहसा काही जात नाही. त्या चाचणीतही त्रास झाला तो किरकोळच. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. जोराच्या झटक्यानं धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथं गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे दुर्मीळ आहे, पण तरुणांनाही होतं. 2024 मध्ये बल्लारीत सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घेतलेल्या तीस वर्षांच्या तरुणाला असाच पक्षाघात झाल्याची बातमी आली होती. आपल्याकडं 'मान मोडू का?' हा प्रश्न दाढीसोबत फुकट येतो, म्हणून सांगतोय.

यात एक गुंता आहे. चीर आधीच पडलेली असेल तर तिचं पहिलं लक्षणही मान आणि डोकं दुखणं हेच. म्हणजे माणूस तिच्यामुळंच झटका घ्यायला जाऊ शकतो. म्हणून नेहमीपेक्षा वेगळी, अचानक उठलेली मानदुखी असेल तर मानेला कुणाला हात लावू देऊ नका, आधी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर लगेच 108. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि नेसरीहून कोल्हापूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

आईचं काय झालं? मी तिला कालनिर्णयवर खुणा करायला लावलं. डोकं दुखलं की फुली, गोळी घेतली की गोल. महिनाअखेर गोल निघाले 17! साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू शकतात. ते कालनिर्णयचं पान घेऊन आम्ही न्यूरोलॉजिस्टकडं गेलो. मेडिकलमधून आणायच्या गोळ्या कमी करायच्या ठरल्या आणि झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध सुरू झालं. मान आखडते त्यासाठी फिजिओथेरपिस्टनं हलके व्यायाम दिले, झटका एकही नाही.

अर्धशिशी गेलेली नाही. पण मागच्या महिन्यात गोल नऊच होते. आईचा मेसेज आला: "रील डिलिट केली बघ."

तुमच्या घरीही कुणी खिडकी बंद करून झोपत असेल, तर आजपासून कॅलेंडरवर खुणा सुरू करा. भेटू पुढच्या भागात!