एचपीव्ही विषाणू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग : पेशीच्या आत नेमके काय घडते?

तपासणीच्या अहवालावर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असे शब्द दिसले की घरात काळजी सुरू होते. हा कॅन्सर आहे का? मुलीलाही होईल का? हा विषाणू आला तरी कुठून? काही जण हे प्रश्न थेट विचारतात, काही जण मनातच ठेवतात. तिन्हींची उत्तरे शाळेत शिकलेल्या जीवशास्त्रात आहेत : पेशीविभाजन, जनुके आणि विषाणू. पेशीच्या आत काय घडते ते नीट समजले, तर अनाठायी भीती कमी होते आणि योग्य वेळी तपासणी करून घेणे का गरजेचे आहे तेही लक्षात येते.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचे योनीत उघडणारे तोंड. २०२२ या एका वर्षात भारतात अंदाजे १ लाख २७ हजार स्त्रियांना या जागेचा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

पेशी विभागते कशी आणि थांबते कशी?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. ती डीएनएची बनलेली असतात. डीएनए म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांत लिहिलेला सूचनांचा संच आणि जनुक म्हणजे त्यातली एक सूचना, असे समजू या. पेशी विभागण्याआधी या सगळ्या मजकुराची नक्कल होते आणि दोन्ही नव्या पेशींना एकेक पूर्ण प्रत मिळते.

त्वचेप्रमाणेच गर्भाशयमुखाचे आवरणही सतत नवे होत असते. सर्वांत खालच्या थरातील पेशी विभागतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि शेवटी गळून पडतात. वर सरकू लागलेल्या पेशीने विभाजन थांबवायचे, हा इथला नियम आहे.

हा नियम पाळला जावा म्हणून पेशीत दोन महत्त्वाची प्रथिने काम करतात. एकाचे नाव आरबी. हा विभाजनाचा ब्रेक आहे. गरज नसताना तो डीएनएची नक्कल सुरू होऊ देत नाही. दुसरे पी-५३. हा तपासनीस आहे. डीएनएमध्ये बिघाड दिसला तर तो विभाजन थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला स्वतःला संपवायला लावतो. ब्रेक आणि तपासनीस दोघेही कामावर असतील, तर बिघडलेली पेशी सहसा फार पुढे जात नाही.

एचपीव्ही काय करतो?

विषाणूला स्वतःची पेशी नसते. त्याच्याजवळ सूचना असतात, पण त्या अमलात आणण्याची यंत्रणा नसते. ती त्याला दुसऱ्याच्या पेशीत शिरून वापरावी लागते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, याचा डीएनए फक्त ८ हजारांच्या आसपास अक्षरांचा असतो. त्याचे २०० पेक्षा जास्त प्रकार माहीत आहेत. काहींमुळे साधे चामखीळ होतात. साधारण १४ प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जातात. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत असतात. जर्मनीचे शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार कर्करोगाच्या गाठींमध्ये शोधले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू आवरणावरच्या बारीक ओरखड्यांतून खालच्या थरातील पेशींपर्यंत पोचतो. पुढे त्याची अडचण होते. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, पण वर सरकणाऱ्या पेशीने नक्कल काढण्याची यंत्रणा बंद केलेली असते. ती पुन्हा सुरू करण्यासाठी तो दोन प्रथिने वापरतो. ई-७ हे प्रथिन आरबीला निकामी करते, म्हणजे ब्रेक सुटतो. ब्रेक असा अवेळी सुटला की पी-५३ सावध होतो. त्याचा बंदोबस्त ई-६ करते. ते पी-५३ चा नाश घडवून आणते.

साध्या संसर्गात ही दोन्ही प्रथिने विषाणूच्याच ई-२ या प्रथिनाच्या ताब्यात असतात. पण काही वेळा विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात कायमचा शिरतो. या तुटण्यात बहुधा ई-२ चे जनुक निकामी होते. मग ई-६ आणि ई-७ यांच्यावर कोणाचा ताबा राहत नाही. विषाणूच्या दृष्टीनेही हा अपघातच असतो, कारण अशा पेशीतून नवे विषाणू तयार होत नाहीत. पेशी मात्र विभागत राहते. प्रत्येक विभाजनात नक्कल करताना चुका होतात, त्या पकडणारा तपासनीस नसतो, आणि चुका साठत जाऊन एखादी पेशी कर्करोगाची होते.

प्रयोगशाळेत जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या आहेत. त्यांत एचपीव्ही-१८ चा डीएनए आहे. इतक्या वर्षांनंतरही या पेशींतील ई-६ आणि ई-७ बंद केली, तर त्यांचे विभाजन थांबते. कर्करोग होऊन गेल्यावरही तो त्या दोन प्रथिनांवर किती अवलंबून असतो, हे यावरून कळते.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग का?

नाही. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो. दहापैकी साधारण नऊ जणांच्या बाबतीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती तो दोन वर्षांच्या आत आटोक्यात आणते. त्या व्यक्तीला संसर्ग झाल्याचे कळतही नाही.

धोका असतो तो वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या संसर्गाचा. अशा संसर्गात पेशींमध्ये आधी कर्करोगपूर्व बदल होतात. अहवालात ते ‘सीआयएन’ १, २, ३ असे लिहिलेले असतात. सीआयएन-१ बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. सीआयएन-३ वर उपचार केले नाहीत, तर ३० वर्षांत साधारण तीनपैकी एका स्त्रीमध्ये त्याचा कर्करोग होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सहसा १५ ते २० वर्षांचा असतो. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील किंवा प्रतिकारशक्ती अन्य कारणाने कमी असेल, तर तो ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो. धूम्रपानानेही धोका वाढतो. मशेरीसह कोणत्याही रूपातला तंबाखू सोडणेच योग्य.

हा जो मधला लांब काळ आहे, तीच आपली संधी आहे. या काळात स्त्रीला काहीही त्रास होत नाही, म्हणून ती डॉक्टरकडे जात नाही. पण तपासणीत बदल दिसतात, आणि या टप्प्यावरचे उपचार छोटे असतात.

आईला झाला तर मुलीला होईल का?

इथे शब्दांचा घोळ होतो. कर्करोग हा जनुकांमधील बिघाडाचा आजार आहे हे खरे, पण तो प्रत्येक वेळी आनुवंशिक नसतो. गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये आयुष्यात मध्येच झालेले बदल त्या जागेपुरते असतात. ते बीजांडात नसतात, त्यामुळे मुलांकडे जात नाहीत. स्तनाच्या काही कर्करोगांत वेगळे असते. तिथे बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातील दोष जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो आणि आई-वडिलांकडून येऊ शकतो.

म्हणून आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला तरी मुलीलाही होणारच, असे मानू नका. मात्र एचपीव्हीचा संसर्ग कोणालाही होऊ शकतो, त्यामुळे मुलीला लस द्यावी आणि योग्य वयात तिची तपासणी करावी.

हा विषाणू आला कुठून?

एचपीव्ही मुख्यतः लैंगिक संबंधांतून, त्वचेचा त्वचेशी संपर्क आल्याने पसरतो. निरोधमुळे धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या व्यक्तीलाही संसर्ग होऊ शकतो. तो कित्येक वर्षे गप्प राहून नंतर तपासणीत दिसू शकतो. संसर्ग केव्हा झाला आणि कोणाकडून झाला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे या अहवालावरून पत्नीवर किंवा पतीवर संशय घेऊ नये. घरातल्या मंडळींनी हे समजून घेतले, तर पुढच्या तपासणीला जाणे त्या स्त्रीला सोपे जाते.

तपासणी कोणी आणि कधी करावी?

पाळी नियमित असली, काही त्रास नसला, तरी वयाच्या तिशीनंतर तपासणी सुरू करावी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी २५ व्या वर्षापासून करावी. पद्धती तीन आहेत :

- एचपीव्ही डीएनए चाचणी : गर्भाशयमुखाच्या स्रावाचा नमुना घेऊन त्यात धोक्याच्या प्रकारांचा डीएनए आहे का ते पाहतात. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. चाचणी निगेटिव्ह आली तर पुढची साधारण ५ वर्षांनी करतात.
- पॅप स्मिअर : पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही साधारण दर ३ वर्षांनी करतात.
- व्हीआयए : गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून पांढरे डाग उमटतात का ते पाहतात. निकाल लगेच मिळतो. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटासाठी दर ५ वर्षांनी हीच तपासणी केली जाते.

तपासणीचा उपयोग किती, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी फक्त एकदाच केली होती, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत वाढलेल्या अवस्थेतील कर्करोग आणि मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढे काय?

पुढची तपासणी टाळू नका. प्रकार १६ किंवा १८ असेल तर सहसा थेट कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख मोठे करून पाहतात. गरज वाटल्यास छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. इतर प्रकारांत आधी पॅप किंवा व्हीआयए केली जाते.

विषाणू घालवणारे औषध अजून नाही. अँटिबायोटिकने तो जात नाही. उपचार करायचा असतो तो बदललेल्या पेशींवर. गोठवून, उष्णतेने किंवा विजेच्या तारेच्या कड्याने तो भाग काढून टाकता येतो. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

केवळ एचपीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणून गर्भपिशवी काढणे हा उपचार नव्हे. असा सल्ला मिळाला, तर बायोप्सीचा अहवाल मागा आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्या.

लस कशी काम करते?

लशीत विषाणू नसतो, त्याचा डीएनएही नसतो. असतात ती फक्त विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखी पोकळ कवचे. म्हणून लशीमुळे संसर्ग होऊ शकत नाही. हे कवच ओळखून शरीर प्रतिपिंडे तयार ठेवते, आणि खरा विषाणू आला की तो पेशीत शिरण्याआधीच अडवला जातो.

आधी झालेला संसर्ग लस बरा करत नाही. म्हणूनच ती ९ ते १४ या वयात, लैंगिक जीवन सुरू होण्याच्या पुष्कळ आधी देतात. या वयात सहसा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात. पंधरा वर्षांनंतर तीन डोस देण्याची पद्धत आहे. ९ ते २० वयोगटात एक डोसही चालू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. तुमच्या मुलीसाठी किती डोस, ते डॉक्टरांना किंवा लसीकरण केंद्रावर विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे.

स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे या कर्करोगाचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी आढळले. लशीमुळे मूल होण्यात अडचण येत नाही. दंड दुखणे, थोडा ताप येणे असे त्रास होऊ शकतात. काही मुलींना सुई टोचल्यावर चक्कर येते, म्हणून नंतर १५ मिनिटे बसवून ठेवा. लस सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे ती घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

ही लक्षणे असतील तर थांबू नका

- शरीरसंबंधानंतर रक्त जाणे
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणे
- अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे
- ओटीपोटात किंवा कंबरेत सतत दुखणे

ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात, पण कारण तपासणीनेच कळते. या वेळी नेहमीच्या तपासणीची तारीख येईपर्यंत वाट पाहू नका. लाजेपोटी किंवा घरच्या कामांमुळे महिने निघून जातात, असे बऱ्याचदा होते. घरातली आई, सासू, काकू यांना तुम्ही स्वतः विचारा : ‘तुमची तपासणी झाली आहे का?’ झाली नसेल, तर आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून दिवस ठरवा आणि शक्य असेल तर त्यांच्यासोबत जा.