जन्मदाखला कोठून आणावा?

शाळेत नाव घालावयाच्या वेळी कित्येक पालक जन्मदाखल्यावाचून येतात. जन्माची नोंद कुटुंबाच्या राहत्या गावी होत नसून मूल जेथे जन्मले तेथे होते, ही गोष्ट शिक्षकांनी त्यांना प्रथम समजावून द्यावी. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. मूल आजोळच्या घरी जन्मले असेल, तर त्या ग्रामपंचायतीकडे जावे. फैजपूरच्या दवाखान्यात जन्मले असेल, तर फैजपूर नगरपरिषदेकडे जावे.

अर्जात जन्मतारीख, जन्मस्थळ व मातापित्यांची नावे बिनचूक असावीत. नोंदीत बालकाचे नाव नसल्यास ते पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. पहिल्या १२ महिन्यांत त्यास शुल्क पडत नाही. मुळात नोंदच नसेल व वर्ष उलटले असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरावयाचा आहे. तथापि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेश द्यावा आणि दाखला मिळविण्यास पालकांस साहाय्य करावे. पूर्वी अनेकांच्या नावापुढे अंदाजाने ‘१ जून’ ही तारीख लिहिली गेली व ती त्यांना जन्मभर वागवावी लागली. जनरल रजिस्टरात तारीख लिहिताना शिक्षकांनी याचे स्मरण ठेवावे.